अगस्त्यालाही मागे टाकणारा तारा

डिसेंबर १८३७. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ, केप ऑफ गुड होप येथे इंग्लंडचे ज्योतिर्विद जॉन हर्शेल दक्षिणेचे आकाश न्याहाळत होते. नौकातल तारकासमूहातला एक ओळखीचा तारा पाहून ते चकित झाले. त्याचे तेज अचानक वाढले होते! १८४३ मध्ये तर ईटा करिनी नावाच्या या ताऱ्याने अगस्त्यालाही मागे टाकले. त्याच्यापुढे उरला फक्त व्याध. पुढच्या पंचवीसेक वर्षांत मात्र तो नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला.

तो विझला होता का? मुळीच नाही. त्या उद्रेकात त्याने सूर्याच्या निदान दहापट द्रव्य बाहेर फेकले. ते निवून त्याची धूळ बनली आणि तारा स्वतःच्याच धुळीआड दडला. मोठ्या दुर्बिणीतून हा मेघ एकमेकांना चिकटलेल्या दोन फुग्यांसारखा दिसतो.

साडेपाच वर्षांचा हिशेब

ताऱ्याच्या वर्णपटातील हेलियमची रेषा दर साडेपाच वर्षांनी फिकी पडते, हे ब्राझीलचे खगोलशास्त्रज्ञ आउगुस्तो दामिनेली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. पुढची पाळी १९९७ च्या अखेरीस येईल, असे गणित निघाले. आणि खरोखरच, त्या सुमारास कृत्रिम उपग्रहावरील उपकरणांना ताऱ्याचे क्ष-किरण एकदम घटलेले आढळले!

याचे कारण म्हणजे तिथे तारा एक नाही, दोन आहेत. थोरला सूर्याच्या सुमारे नव्वदपट वजनाचा, धाकटा तीसपट. दोघांतून वायूचे प्रचंड झोत सुटतात. ते एकमेकांवर आदळले की क्ष-किरण निघतात. धाकट्याची कक्षा फार लांबट आहे. एरवी तो सूर्यापासून नेपच्यून असावा इतका दूर असतो. पण दर साडेपाच वर्षांनी मंगळाइतका जवळ येतो, थोरल्याच्या दाट झोतात शिरतो आणि काही आठवडे क्ष-किरण मंदावतात.

मग १८४३ चा तो भडका कशाचा? एका मतानुसार, पूर्वी तिथे तीन तारे होते व त्यांतले दोन एकमेकांत विलीन झाले. यावर अजून एकमत नाही.

धुळीचा पडदा विरळ होत गेल्याने हा तारा आता पुन्हा नुसत्या डोळ्यांना दिसतो. एप्रिलच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास, दक्षिण क्षितिज मोकळे असेल तर मुंबईहूनही तो अगदी खाली शोधता येतो. कन्याकुमारीला बराच वर. सोबत साधी द्विनेत्री असावी.

एक दिवस त्याचा महास्फोट होणार हे निश्चित. अंतर सुमारे ७५०० प्रकाशवर्षे असल्याने पृथ्वीला भीती नाही. कदाचित तो स्फोट झालाही असेल. त्याचा प्रकाश अजून वाटेत असेल.