भरदिवसा एवढी माणसे रस्त्यावर का?

मालेगावात बाहेरगावचा व्यापारी पहिल्यांदा आला की एक प्रश्न हमखास विचारतो : "शेठ, सकाळचे अकरा वाजले, तरी हॉटेलात आणि चौकात एवढी माणसे? यांना कामधंदा नाही का?" आम्ही कापडाच्या धंद्यात उमर घालवली. या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांला जरुरीचे वाटते. रिकामटेकडेपणाचा शिक्का एकदा बसला की कारागिराला दुकानात उधारी मिळत नाही आणि मुलाच्या सोयरिकीतही तो आडवा येतो.

पहिले कारण पाळीचे. आपल्याकडे यंत्रमाग बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. रात्रभर माग चालवलेला माणूस सकाळी सुटतो. घर एका खोलीचे, शेजारी मागांचा खडखडाट. दिवसा झोप लागणार कशी? दोन-तीन तास डोळा लागतो, मग तो चहाच्या बाकड्यावर येऊन बसतो. पाहुण्याला तो रिकामा दिसतो. खरे तर त्याचा दिवस संपलेला असतो.

दुसरे कारण सुट्टीचे. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. ज्यांची सुट्टी रविवारी असते त्यांना शुक्रवारची गर्दी म्हणजे कामचुकारपणा वाटतो.

तिसरे कारण दलालीचे. सुताचा आणि कापडाचा दलाल पेढीवर बसून राहिला तर त्याचा धंदा बुडेल. कोणाकडे सूत आहे, कोणाचा माल पडून आहे, ही खबर चहाच्या टेबलावरच मिळते आणि सौदाही तिथेच तोंडी ठरतो.

मात्र चौथे कारण दुखरे आहे. काही माणसे खरोखरच काम नसल्यामुळे उभी असतात. वीज गेली, सूत आले नाही किंवा बीम संपला की माग थांबतो. नवा बीम चढवून त्याचे हजारो तार जोडण्यात काही तास जातात. आता हिशेब पाहा. मिनिटाला १२० धोटे टाकणारा माग इंचाला ६० बाण्याचे कापड विणत असेल, तर तासाला दहा फूट कापड निघते. सहा माग सांभाळणाऱ्या कारागिराचे एका तासाच्या खोळंब्यात साठ फूट कापड गेले. त्याची मजुरी कापडावर मोजली जाते. म्हणजे माग थांबला की त्याची रोजी थांबली. थांबण्याचे कारण कोणाचेही असो, नुकसान आधी त्याच्या चुलीला लागते.

काही वर्षांपूर्वी आम्हीच एका कारागिराला चौकात पाहून सुनावले होते, "काय मियाँ, भरदुपारी इथे?" तो अदबीने म्हणाला, "शेठ, तीन दिवस झाले, आपल्याच बीमची वाट पाहतोय." आम्ही सायझिंगवाल्याचे पैसे अडकवून ठेवले होते, म्हणून त्याने बीम रोखले होते. त्या दिवशी आमची मान खाली गेली.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. चालू बीम संपण्याच्या दोन दिवस आधी पुढचा बीम पोहोचवतो. सूत येणार नसेल तर तसा निरोप वेळेवर देतो, म्हणजे कारागीर दुसरीकडे बदली काम शोधू शकतो. आणि सायझिंगवाल्याचे व मागवाल्याचे बिल लटकत ठेवत नाही. या बाबतीत सरकारी कायदाही आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लहान कारखानदाराचे पैसे, मुदतीचा लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. मागवाल्या बांधवांनी आपली नोंदणी जरूर करून घ्यावी, म्हणजे हक्काने मागता येईल.

तेव्हा भरदिवसा चौकात उभा असलेला माणूस दिसला तर त्याला नाव ठेवण्याआधी विचारावे : भाई, रात्रपाळी होती की माग बंद आहे? आणि माग बंद असेल, तर आपण व्यापाऱ्यांनी आधी आपली वही उघडून पाहावी. त्याचा बीम कदाचित आपल्याच बाकीत अडकलेला असेल.