कॉलेजची आर्थिक मदत मिळवणे सोपे, टिकवणे कठीण

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आता तिथल्या कॉलेजांत शिकत आहेत. प्रवेशाच्या वेळी मदतीचा अर्ज भरण्यासाठी सारे घर धावपळ करते. मदत मंजूर झाली की सर्वजण निर्धास्त होतात. नेमके इथेच चुकते. ही मदत एकदा मिळाली म्हणजे पदवीपर्यंत चालू राहते, असे नाही. अर्ज दरवर्षी नव्याने भरावा लागतो आणि अभ्यासात ‘समाधानकारक प्रगती’ दाखवावी लागते. ती न दिसल्यास पेल ग्रँट, सरकारी कर्ज आणि वर्क-स्टडीची नोकरी हे तिन्ही एकदम बंद होते. म्हणून हा नियम आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

प्रथम एक खुलासा. केंद्र सरकारची ही मदत अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि इतर काही ठराविक वर्गांसाठीच आहे. भारतातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ती मिळत नाही.

प्रगती तीन मापांनी मोजली जाते. पहिले माप गुणांचे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस सरासरी ‘सी’ म्हणजे बहुतेक ठिकाणी ४ पैकी २.० असावी लागते. बरीच कॉलेजे ही अट पहिल्या वर्षापासूनच लावतात.

दुसरे माप वेगाचे. जितक्या क्रेडिटना नाव घातले, त्यांपैकी किती पूर्ण केले हे पाहतात. सर्वसाधारणपणे ६७ टक्के पूर्ण व्हावी लागतात. समजा, मुलाने पहिल्या सत्रात १५ क्रेडिट घेतले आणि मध्येच ६ क्रेडिटचे दोन विषय सोडले. १५ पैकी ९ म्हणजे ६० टक्के. उरलेल्या विषयांत त्याला उत्तम गुण असले तरी तो या मापात नापास! पुढच्या सत्रात १५ पैकी १५ पूर्ण केले, तर एकूण ३० पैकी २४ म्हणजे ८० टक्के होऊन गाडी रुळावर येते.

तिसरे माप मुदतीचे. अभ्यासक्रमाच्या दीडपटीपेक्षा जास्त क्रेडिट घेता येत नाहीत. १२० क्रेडिटच्या पदवीला ही मर्यादा १८० ची. दुसऱ्या कॉलेजातून आणलेले व मान्य झालेले क्रेडिटही यात धरले जातात. वारंवार शाखा बदलणारे विद्यार्थी इथे अडकतात.

विषय सोडण्याबाबत सावध राहावे. सत्राच्या सुरुवातीच्या ठराविक दिवसांत विषय बदलला तर सहसा त्याची नोंद राहत नाही. नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ शेरा पडतो. त्याने सरासरी घसरत नाही, पण वेग घसरतो. संपूर्ण सत्रच ६० टक्के काळ पुरा होण्याआधी सोडले, तर सरकारी मदतीचा न कमावलेला भाग परत जातो आणि ती रक्कम कॉलेज विद्यार्थ्याकडून मागू शकते. म्हणजे शिक्षणही गेले आणि वर बिल आले!

प्रगती कमी पडली तर काय? प्रत्येक सत्रानंतर तपासणी करणारी कॉलेजे एका सत्रापुरती ताकीद देऊन मदत चालू ठेवू शकतात. त्यानंतरही सुधारणा नसेल तर मदत थांबते. कॉलेज अपील स्वीकारत असेल, तर घरातील मृत्यू, विद्यार्थ्याचे आजारपण वा अपघात, किंवा अन्य विशेष अडचण अशी कारणे चालतात. अर्जात दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: प्रगती का खुंटली आणि आता कोणती परिस्थिती बदलली. नुसती दयेची याचना उपयोगाची नाही. डॉक्टरांचा दाखला, मृत्यूचा दाखला असे कागद सोबत जोडावेत. अपील मान्य झाल्यास एका सत्राची संधी मिळते, किंवा कॉलेज अभ्यासाची योजना आखून देते आणि ती तंतोतंत पाळावी लागते.

एक-दोन सत्रे घरी बसले की सर्व पूर्ववत होते, हा समज खोटा आहे. जुना हिशेब तसाच राहतो. तो अपिलाने किंवा कमी पडलेले क्रेडिट व गुण भरून काढूनच सुटतो.

व्हिसावर गेलेल्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीला गुणांची अट असते, कित्येकदा २.० पेक्षा वरची. शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला सहसा सत्राला किमान १२ क्रेडिट ठेवावे लागतात. परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी न घेता त्याखाली गेल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो.

पालकांना आमची सूचना इतकीच: कॉलेजचा लेखी नियम पहिल्याच महिन्यात मागून घ्या, कारण आकडे कॉलेजागणिक बदलतात. कोणताही विषय सोडण्यापूर्वी मुलाने मदत कार्यालयात जाऊन विचारावे. आणि मुलगा अडचणीत असेल तर रागावण्याआधी त्याचे ऐकून घ्या. भीतीपोटी घरापासून लपवलेले एक वाईट सत्र वेळीच कळले, तर पुढची तीन वर्षे वाचतात.