पीपीपीओई

पीपीपीओई (पॉइंट-टू-पॉइंट प्रोटोकॉल ओव्हर इथरनेट) हा घरगुती ब्रॉडबँड जोडणीत ग्राहकाची ओळख पटवून त्याला इंटरनेटवरील पत्ता मिळवून देणारा प्रोटोकॉल आहे. डायल-अप काळातील पीपीपी हा प्रोटोकॉल इथरनेटवरही चालावा, या हेतूने तो तयार झाला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये आरएफसी २५१६ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध करण्यात आला. अमरावती व अकोल्यात तो बीएसएनएलच्या ब्रॉडबँडबरोबर घरोघरी पोचला. ग्राहक मात्र त्याला ‘युजरनेम-पासवर्ड’ एवढ्याच ओळखीने जाणतात.

कार्यपद्धती

राउटर प्रथम सेवादात्याच्या सर्व्हरचा शोध घेतो. सर्व्हरकडून उत्तर आले की जोडणीला एक सत्र क्रमांक मिळतो. त्यानंतर युजरनेम व पासवर्ड तपासून पत्ता दिला जातो. डीएचसीपीवर आधारलेल्या सेवेत ही पायरी नसते. तेथे ग्राहक कोणत्या तारेवर आहे किंवा त्याच्या उपकरणाचा मॅक पत्ता कोणता, यावरून ओळख पटते.

वऱ्हाडातील वापर

बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ ही सेवा २५६ केबीपीएस वेगाने सुरू केली. अनेक घरांत मोडेम ब्रिज पद्धतीने लावलेला असे आणि संगणकावरून दर वेळी ‘डायल’ करावे लागे. स्वस्त योजनांत डेटाची मर्यादा तुटपुंजी होती. त्यामुळे काम संपताच जोडणी तोडता येणे ही तेव्हा गैरसोय नव्हे, तर बचत होती. पुढे राउटर स्वतःच डायल करू लागला आणि हा फायदा उरला नाही.

वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात या प्रोटोकॉलची एक उणीव ठळकपणे जाणवते. वीज अचानक गेल्यास राउटर सत्र संपल्याचा निरोप न देताच बंद पडतो. सर्व्हरच्या लेखी जुने सत्र काही काळ चालूच राहते. एका खात्याला एकच सत्र देण्याचा नियम असेल, तर वीज परतल्यावरही नवी जोडणी काही मिनिटे नाकारली जाऊ शकते. उन्हाळ्यात भारनियमनाच्या वेळी घरातून परीक्षेचा अर्ज भरणाऱ्याला ही मिनिटे फार मोठी वाटतात. राउटरला छोटा यूपीएस जोडणे हा यावरचा सोपा उपाय होय.

इतर गुणदोष

पीपीपीओईचे शीर्षक प्रत्येक पॅकेटमधील ८ बाइट व्यापते. त्यामुळे नेहमीची १५०० बाइटांची मर्यादा १४९२ वर येते. राउटरमध्ये ही नोंद चुकली, तर काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट अडकतात. स्वस्त राउटरच्या प्रोसेसरवर, विशेषतः वेगवान फायबर जोडणीत, अधिक भारही पडतो. पासवर्ड असला तरी हा प्रोटोकॉल माहिती सांकेतिक करत नाही.

उलटपक्षी, राउटर बिघडल्यास ग्राहक दुसरा आणून तोच पासवर्ड भरू शकतो. मॅक पत्ता बांधलेल्या डीएचसीपी सेवेत त्यासाठी केबलवाल्याला कळवावे लागते. दोष शोधणेही सोपे जाते: विंडोजमध्ये ६९१ ही त्रुटी बहुधा चुकीचा पासवर्ड दर्शवते, तर ६७८ म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच आलेले नाही.

वरुडच्या संत्राबागेत बसून घरचा कॅमेरा पाहता येत नाही, याचा दोष पुष्कळदा पीपीपीओईला दिला जातो. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते: सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, आणि डीएचसीपी सेवेतही तसेच घडते.