ठिगळ टिकते ते कशामुळे?

आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असे आपण सहज म्हणून जातो. ठिगळ म्हणजे नाइलाजाचा, गरिबीचा उपाय, अशीच आपली समजूत असते. ठिगळ लावलेली चड्डी घालून आलेले मूल वर्गात अवघडून बसते, ते त्यामुळेच. पण एक ठिगळ दोन वर्षे टिकते आणि दुसरे आठवड्यात उसवते, असे का होते? या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर आपण शिवणाच्या डब्यापासून थेट विमानापर्यंत पोचतो.

ठिगळाचे काम भोक झाकणे, असे वरवर पाहता वाटते. खरे काम वेगळेच आहे. ताणलेल्या कापडातला प्रत्येक धागा थोडा थोडा भार वाहत असतो. मध्ये भोक पडले, की तुटलेल्या धाग्यांच्या वाट्याचा भार नाहीसा होत नाही. तो भोकाला वळसा घालून शेजारच्या धाग्यांवर जातो, आणि भोकाच्या अगदी कडेला असलेल्या धाग्यांवर सर्वांत जास्त पडतो. म्हणून तर बोटभर चीर बघता बघता वीतभर होते. ठिगळाने हा भार एका बाजूच्या शाबूत कापडाकडून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूच्या शाबूत कापडाकडे पोचवायचा असतो. ही देवघेव होते ती ठिगळाच्या कडेशी. ठिगळ बिघडते तेही बहुधा तिथेच.

शिवणाच्या डब्यात

जुन्या जाणत्या बायका ठिगळ लावताना काय करतात ते आठवून पाहा. भोकाभोवतीचे विरलेले कापड हाताने चाचपतात आणि ठिगळ त्याच्या पलीकडे, घट्ट कापडापर्यंत नेतात. विरलेल्या भागावरच टाके घातले, तर ज्याच्याकडे भार सोपवायचा तोच दुबळा निघतो.

ठिगळाचे कापड नवे असेल, तर त्या ते आधी धुऊन घेतात. विणताना आणि नंतरच्या प्रक्रियांमध्ये सुती धागे ताणले गेलेले असतात. पहिल्या धुण्यात ते सैलावतात आणि कापड आटते. जुने कापड आधीच आटून बसलेले असते. न धुतलेले ठिगळ नंतर आटले, की ते आजूबाजूच्या जुन्या कापडाला ओढते आणि ठिगळाशेजारी नवे भोक पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे, ठिगळाचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवले जातात. कापड धाग्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, पण उरेब, म्हणजे तिरके धरले तर सहज ताणते. रुमाल घेऊन हे लगेच पाहता येईल. ठिगळ उरेब लावले तर ते नुसतेच ताणत जाते, आणि सगळा भार पुन्हा जुन्या कापडावरच राहतो.

गोधडीत तर ही युक्ती सगळीकडे पसरलेली असते. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकमेकांवर ठेवून त्यावर जवळजवळ धावदोरा घातला, की भार एका शिवणीवर न पडता शेकडो टाक्यांत वाटला जातो. एकट्याने काही कामाची नसलेली विरलेली कापडे मिळून वर्षानुवर्षे टिकतात.

पंक्चरवाल्याच्या दुकानात

आता सायकलची ट्यूब पाहू. पंक्चरवाला भोक सापडले की आधी ती जागा खरवडतो. त्यामुळे वरची धूळ आणि हवेने खराब झालेला थर निघतो आणि चिकटायला जास्त पृष्ठभाग मिळतो. मग तो सोल्यूशन लावतो. झटकन उडून जाणाऱ्या द्रावकात रबर विरघळवून हे केलेले असते. त्यानंतर तो थोडा वेळ थांबतो. मुलांना हे थांबणे उगाचच वाटते. पण ओल्यावरच पॅच दाबला, तर द्रावक आत अडकून पडतो आणि जोड कच्चा राहतो. काही तयार पॅच व सोल्यूशन यांत अशी रसायने असतात, की त्यांच्यामुळे साध्या तापमानालाच दोन्ही बाजूंच्या रबराच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात.

पॅचही रबराचाच का? हवा भरली की ट्यूब ताणली जाते. न ताणणारा तुकडा चिकटवला, तर ट्यूब पसरते, तुकडा पसरत नाही, आणि सगळी ओढाताण कडेवर येते. पॅच गोल का? चौकोनाच्या टोकाशी फारच थोडी जागा ओढ सोसत असते. टोक एकदा उचलले गेले, की बाकीचा पॅच सोलत जातो. गोल पॅचला असे टोकच नसते.

रिव्हेटांची एक रांग

हाच हिशेब चुकला तर काय होते, याचे दुःखद उदाहरण जपानमध्ये घडले. १९७८ साली ओसाका येथे उतरताना जपान एअर लाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली. प्रवाशांच्या भागातली दाबाची हवा शेपटीकडे जाऊ न देणारी घुमटासारखी भिंत त्यात खराब झाली. तिचा खालचा अर्धा भाग बदलण्यात आला. जोडावर एके ठिकाणी एक सलग पट्टी बसवायची होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली. त्यामुळे रिव्हेटांच्या दोन रांगांनी वाटून घ्यायचा भार एकाच रांगेवर आला. भोक बुजले होते, आणि वरून पाहता जोड ठीकच वाटत होता.

प्रत्येक उड्डाणात ही भिंत हवेच्या दाबाने फुगते आणि उतरल्यावर पूर्ववत होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तशा रिव्हेटांच्या भोकांपासून बारीक भेगा वाढत गेल्या. १२ हजारांहून अधिक उड्डाणे निभावली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोहून निघाल्यावर सुमारे १२ मिनिटांनी ती भिंत फुटली. आतल्या हवेच्या लोटाने शेपटीचा उभा पंख बराचसा उडाला, आणि विमान वळवण्यासाठी लागणाऱ्या तेलाच्या चारही नळ्या तुटल्या. सुमारे अर्ध्या तासाने विमान डोंगरावर कोसळले. ५२४ जणांपैकी ५२० जण गेले.

वर्गात करून पाहा

वहीच्या कागदाच्या ५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब अशा तीन पट्ट्या एकाच दिशेने कापा. तिन्हींच्या मधोमध २ सेंटिमीटरची आडवी चीर द्या. पहिली तशीच ठेवा. दुसरीला चिरेच्या वर-खाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाईल एवढे कागदाचे ठिगळ लावा. तिसरीला वर-खाली ३ सेंटिमीटर जाईल असे लावा. खळ पूर्ण वाळू द्या. पट्टीची दोन्ही टोके फुटपट्ट्यांना चिकटवा, म्हणजे ओढ सारखी बसेल. मग एक फुटपट्टी टांगून दुसरीला पिशवी अडकवा आणि तीत थोडी थोडी वाळू घाला. प्रत्येक पट्टी किती वजनाला तुटली हे तर लिहाच, पण कुठे तुटली तेही चित्र काढून दाखवायला सांगा: चिरेत, ठिगळाच्या कडेशी की दूर कुठे? प्रत्येक प्रकाराच्या तीन-चार पट्ट्या करून पाहिल्या, तर निष्कर्षावर अधिक भरवसा ठेवता येईल.

नंतर मुलांना घरातले एक ठिगळ शोधून आणायला सांगा. ती छत्री असेल, चप्पल असेल, बादली असेल किंवा दप्तर. ज्याच्या चड्डीला ठिगळ आहे, त्याच्याकडेही त्या दिवशी वर्गाला सांगण्यासारखे काही असेल.