गल्लीत मावेल तेवढी गाडी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास अम्मींना दम लागला. कल्याणच्या दूधनाक्याजवळच्या आमच्या गल्लीत रुग्णवाहिका शिरेना, ती मुख्य रस्त्यावरच थांबली. अम्मींना खुर्चीत बसवून दोघांनी उचलले आणि भर पावसात तिथवर नेले. अलहमदुलिल्लाह, अम्मी वाचल्या. पण ती पाच मिनिटे आमच्या मनातून जात नव्हती. घरात एखादी गाडी हवी, हे त्या रात्रीच ठरले. कोणती, यावर मात्र पुढे महिनाभर मशवरा चालला.

धाकट्याचे मन उंच, रुबाबदार गाडीवर होते. सात वर्षांचे कर्ज मिळेल, हप्ता आपण भरू, असे तो म्हणे. अब्बांनी एकच विचारले, "बेटा, गाडी लोकांना दाखवायची आहे की अम्मीला बसवायची आहे?" तिथून चर्चेला वळण लागले.

आधी गरज मोजली

आम्ही कागद घेऊन बसलो. कल्याण ते ठाणे हे अंतर रेल्वेने २० किलोमीटर. कामावर जाणाऱ्यांची लोकल सुटणार नव्हती. सकाळी पत्रीपूल, मानपाडा, काटई असे करत शिळफाट्याकडे निघा, किंवा दुर्गाडी, कोन, रांजणोलीवरून माजिवड्याला जा, लोकलची वेळ गाडीला गाठता येत नाही. म्हणजे गाडी रोजच्या नोकरीसाठी नको होती. ती हवी होती अम्मींच्या तपासणीसाठी, राबोडीत दिलेल्या लेकीकडे जाण्यासाठी, डोंबिवलीच्या मामूंकडे लहान मुलांना नेण्यासाठी आणि रात्री-अपरात्रीसाठी.

मग टेप घेऊन गल्ली मोजली. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला ओटे आणि दुचाकी. आल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर, रुंदी १,४९०. सध्याची वॅगनआर ३,६५५ लांब आणि १,६२० रुंद. टियागो ३,७६५ लांब, १,६७७ रुंद. कागदावर हा फरक वीतभराचा. पण समोरून रिक्षा आली की त्या वीतभरावरच सगळे अडते.

शेवटी निर्णय केला अम्मींच्या गुडघ्यांनी. आल्टो सर्वांत आटोपशीर, पण तिच्यात बसताना अम्मींना खाली वाकावे लागे. वॅगनआरची उंची १,६७५ मिलिमीटर, बैठकही उंच. खुर्चीवर टेकावे तसे त्या टेकल्या आणि म्हणाल्या, "हीच बरी."

स्वस्त म्हणजे हलके नव्हे

छोट्या गाडीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तेव्हा दारात ती असणे मोठी गोष्ट होती. २००९ मध्ये टाटांनी एक लाखाच्या किमतीचा गाजावाजा करत नॅनो आणली. तिच्यात काही उणिवा होत्याच, पण 'गरिबाची गाडी' हा शिक्काही तिला भोवला आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. लोक काय म्हणतील, याची किंमत कधी कधी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होते. ती आपल्या खिशातून जाते, म्हणजे इस्राफच.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट घडली आहे. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तरी शोरूमची किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रस्ता कर लागतो, वर विमा आणि नोंदणी. सीएनजीला हा कर कमी आहे.

आम्ही जुनी घेतली. व्याजाचा हप्ता घरात आणायचा नाही, हा अब्बांचा शिरस्ता. घरची बचत आणि उचललेली भिशी मिळून जमले त्यात डोंबिवलीची, २०१९ ची सीएनजी वॅगनआर आली. एमएच-०५ चीच असल्याने काम कल्याण आरटीओतच झाले.

कागद आधी, चावी नंतर

जुनी गाडी घेताना ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या आणि इंजिन थंड असताना चालू करून पाहा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेली ई-चलाने तपासा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्या. सीएनजीची टाकी दर तीन वर्षांनी तपासावी लागते, तिच्या पट्टीवरची तारीख वाचा.

उणिवाही सांगायला हव्यात. वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची, पण टाकीने ती जवळजवळ खाल्ली आहे. अम्मींची घडीची व्हीलचेअर तिथे बसत नाही, मागच्या सीटवर आडवी ठेवावी लागते. गॅस भरायला रांग असते. चढावर, चार माणसे असली की, गाडी दमते. आणि लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसण्याची सवय आम्ही मोडली. मूल मागेच, पट्टा लावून.

शेजाऱ्याचा हक्क

गाडी आली त्या संध्याकाळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मुबारक हो, पण आमच्या दाराचं काय?" त्यांचे बरोबर होते. गाडी आपली असली तरी गल्ली सगळ्यांची आहे. दारात उभी करून दुसऱ्याची वाट अडवली, तर आमच्यासारख्याच एखाद्या घराची खुर्ची त्या रात्री कुठून जाणार? आम्ही थोड्या अंतरावर महिन्याच्या भाड्याने जागा घेतली. अडीच मिनिटे चालावे लागते. गाडीच्या खर्चात हे भाडेही धरायचे असते, ही गोष्ट आम्ही कागदावर लिहायला विसरलो होतो. गरज पडली तर गाडी गल्लीत येते, अम्मींना घेते आणि निघते.

सुनेने त्याच महिन्यात शिकाऊ परवाना काढला. तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. ती पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. घरात थोडी कुजबुज झाली, अब्बांनी ती थांबवली.

यंदाच्या रमजानमध्ये घरातले सगळे पुरुष तरावीहला गेले होते. अम्मींना पुन्हा दम लागला. सुनेने चावी उचलली, धावत जाऊन गाडी दारापर्यंत आणली, अम्मींना बसवले आणि दवाखाना गाठला. आम्ही मशिदीतून घरी परतलो तेव्हा तिचा फोन आला, "अम्मींना ऑक्सिजन लावलाय. बऱ्या आहेत. तुम्ही सावकाश या."

धाकटा अजून कधीतरी मोठ्या गाडीचे नाव काढतो. पण त्या रात्री दवाखान्यातून येताना तो मागच्या सीटवर अम्मींचा हात धरून बसला होता, आणि गाडी गल्लीत अलगद वळली तेव्हा काही बोलला नाही.