महालेखापरीक्षक : पद आणि परंपरा

कर बसविण्याचा व खर्चास मंजुरी देण्याचा अधिकार लोकशाहीत लोकप्रतिनिधींचा असतो. परंतु मंजूर झालेला पैसा ठरलेल्या कामीच खर्च झाला किंवा नाही, हे कोणी पाहावे? खर्च करणाऱ्यानेच आपला हिशेब तपासणे उचित नव्हे. म्हणून भारतात हे कार्य नियंत्रक व महालेखापरीक्षक या स्वतंत्र पदाकडे सोपविलेले आहे.

या पदाचा उगम ब्रिटिश अमदानीतील आहे. १८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपुष्टात आली आणि १८६० मध्ये सर एडमंड ड्रमंड हे पहिले महालेखापरीक्षक झाले. आरंभी हा अधिकारी सरकारच्याच अधीन होता. १९१९ च्या कायद्याने तो हिंदुस्थान सरकारच्या नियंत्रणातून बाहेर पडला. पुढे १९३५ च्या कायद्याने त्याला पदच्युत करणे हे संघ न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्याइतकेच अवघड करून ठेवले.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, व्ही. नरहरी राव हे या पदावर आलेले पहिले भारतीय होत. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अधिकारी राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे प्रतिपादन केले. त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही मोठी आहेत, असे त्यांचे मत होते. राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदाने त्याचे वेतन एकत्रित निधीवर भारित केले आणि निवृत्तीनंतर सरकारी पद स्वीकारण्यास त्याला मनाई केली. पद सोडल्यावर काही मिळण्याची आशा नसावी, म्हणजे पदावर असताना कोणाची भीड पडणार नाही, हा त्यामागील हेतू होय.

‘नियंत्रक’ हे नाव मात्र काहीसे फसवे आहे. तिजोरीतून पैसा बाहेर पडण्यापूर्वी तो अडविण्याचा अधिकार या अधिकाऱ्याला नाही. त्याचे सारे बळ अहवालात आहे. हा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतो व लोकलेखा समिती त्याची छाननी करते.

आणखी एक विसंगती दीर्घकाळ टिकून होती. जे खाते हिशेब लिही, तेच ते तपाशी. ए. बक्षी यांच्या कारकिर्दीत, १९७६ मध्ये, केंद्र सरकारचे हिशेब लेखापरीक्षणापासून वेगळे करण्यात आले. राज्यांचे हिशेब मात्र बहुतांशी याच संस्थेकडे राहिले.

अहवालाचे बळ किती असते, हे दोन प्रसंगी विशेष दिसून आले. टी. एन. चतुर्वेदी यांच्या काळात १९८९ मध्ये बोफोर्स तोफांच्या खरेदीवरील अहवाल आला आणि अनेक विरोधी सदस्यांनी लोकसभेचे राजीनामे दिले. विनोद राय यांच्या काळातील २०१० च्या अहवालात दूरसंचार परवान्यांमुळे १.७६ लाख कोटी रुपयांपर्यंत संभाव्य नुकसान झाल्याचा अंदाज होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. परंतु २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले. लेखापरीक्षकाचा आक्षेप म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

या अधिकाऱ्याची निवड कशी करावी, याची पद्धत राज्यघटनेने घालून दिलेली नाही. राष्ट्रपती ती नेमणूक मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करतात. म्हणजे ज्याचा हिशेब तपासावयाचा, त्याचाच परीक्षकाच्या निवडीत हात असतो. अशा स्थितीत पदाची प्रतिष्ठा शेवटी व्यक्तीच्या निर्भयतेवर आणि तिचा अहवाल वाचून जाब विचारणाऱ्या संसदेवर अवलंबून राहते.