श्वासमार्गे होणारा रोगसंचार : वाशिम जिल्ह्यातील दोन घटनांच्या निमित्ताने

रोग एकाकडून दुसऱ्याकडे श्वासावाटे जातो, ही गोष्ट आयुर्वेदाच्या अभ्यासकास नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील पाचव्या अध्यायात औपसर्गिक रोगांच्या संक्रमणाची कारणे सांगताना अंगस्पर्श, सहभोजन, सहशय्या यांच्याबरोबर निःश्वासाचाही उल्लेख आहे. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसास कारण होणाऱ्या चार भावांत वायूची गणना केली आहे. तथापि हा संचार कसा घडतो हे ध्यानी घेतल्यावाचून प्रतिबंध परिणामकारक होत नाही. म्हणून त्याचा येथे थोडक्यात विचार करू.

खोकताना, शिंकताना, बोलताना, किंबहुना नुसता उच्छ्वास सोडतानाही मुखनासिकेतून आर्द्र कण बाहेर पडतात. सुमारे १०० मायक्रॉनहून मोठे कण काही सेकंदांत, एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. ५ मायक्रॉनचा कण मात्र स्थिर हवेत अर्ध्या तासाच्या आसपास तरंगत राहतो व श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर पोहोचू शकतो. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीतील हवा दोन तासांपर्यंत संसर्गकारक असू शकते. सारांश, केवळ अंतर राखणे पुरेसे नाही. जागा बंदिस्त आहे की मोकळी, हेही पाहिले पाहिजे.

याचा प्रत्यक्ष पुरावा १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे रिचर्ड रायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळ्यांवाटे गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली असता, रुग्णांशी कोणताही संपर्क नसताना त्या प्राण्यांस क्षयाची लागण झाली. ज्यांना अतिनील किरणांनी शुद्ध केलेली हवा मिळाली, ते प्राणी सुरक्षित राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेच्या वसतिगृहात ३२७ पैकी २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित आढळले. एकत्र निवास, एकत्र भोजन व तीच हवा रात्रभर अनेकांच्या श्वासात, अशा ठिकाणी एका बाधितापासून अनेकांस लागण होण्यास विलंब लागत नाही.

दुसरी घटना पक्ष्यांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारंजा तालुक्यातील खेर्डा येथे ६ हजारांहून अधिक कोंबड्या दगावल्या व बर्ड फ्लूचे निदान झाले. बाधित पक्ष्यांच्या स्रावांत व विष्ठेत हा विषाणू असतो. विष्ठा वाळून तिची धूळ होते. शेड झाडताना वा पिसे काढताना ती उडून श्वासात जाऊ शकते. माणसांस ही लागण क्वचितच होते व एका माणसाकडून दुसऱ्याकडे ती सहज पसरत नाही. पण झाल्यास ती प्राणघातक ठरू शकते. नीट शिजविलेले मांस व अंडी यांपासून मात्र भय नाही.

या दोन्ही घटनांतून वैद्यबंधूंनी प्रथम आपल्या चिकित्सालयाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते. आपल्या प्रतीक्षाकक्षात एकाच बाकावर जुनाट खोकल्याचा रुग्ण, गर्भिणी व तान्हे बालक बसलेले असते. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद खोलीतील पंखा तीच हवा फिरवितो, नवी आणीत नाही. खोकणाऱ्यास ओसरीत बसवावे व तोंडास मास्क अथवा रुमाल बांधण्यास सांगावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास केवळ कासचिकित्सा करीत न राहता थुंकीच्या तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात पाठवावे. ही तपासणी व क्षयाची औषधे तेथे विनामूल्य मिळतात. ज्वर व श्वासकष्ट असलेल्या रुग्णास घरी वा कामावर कोंबड्या मेल्या काय, हे अवश्य विचारावे. तसे असल्यास त्यास विनाविलंब जिल्हा रुग्णालयाकडे धाडावे.

धूपनाविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. धूपनास आपल्या परंपरेत मानाचे स्थान आहे, परंतु ते खेळत्या हवेची जागा घेऊ शकत नाही. दारे-खिडक्या लावून केलेल्या धुराने तमकश्वासाच्या रुग्णांस व बालकांस अपायच होतो. म्हणून धूपन रुग्ण नसताना करावे व त्यानंतर खोली पूर्ण मोकळी करून मगच रुग्णांस आत घ्यावे.